वसईच्या किल्ल्यात माहितगार माणूस हवाच का?

घोडबंदरकर: येत्या रविवारी आमचा ठाण्याचा ग्रुप वसईच्या किल्ल्यात जातोय. निम्म्यांना माहिती सांगणारा माणूस ठरवायचाय. माझा विरोध आहे. वसई म्हणजे तटबंदीतलं अख्खं शहर. चर्च, मठ, वाडे, रस्ते. शहर पायांनी शोधावं. मागे आम्ही दोघे भाऊ असेच फिरलो. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यापासून झाडीत शिरलो, दोनदा वाट चुकलो आणि एकदम बंदर दरवाजा, समोर खाडी! या शहराचं पोट पाण्यावर चालायचं हे तिथे आपोआप कळलं. आपल्या ठाण्याच्या किल्ल्यात तुरुंग आहे, आत पाऊल टाकता येत नाही. वसई मोकळी आहे, तर मोकळेपणाने बघू या.

नौपाड्याची: दादा, नाही पटलं. पहिल्यांदा मीही एकटीच गेले होते. फ्रान्सिस्कन चर्चच्या ओसाड अवशेषांत सावली बघून बसले, डबा खाल्ला. दुसऱ्या खेपेला एका जाणत्या बाईंबरोबर गेले तेव्हा कळलं, मी बसले होते ते थडग्याचे दगड. त्यांवर पोर्तुगीज अक्षरं, घराण्यांची चिन्हं. अजून मनाला लागून आहे. वाट चुकणं वेगळं, कुणाच्या कबरीवर बसून जेवणं वेगळं.

कळवा नाका: ताई, तुम्हाला माणूस चांगला भेटला. आमच्या माणसाने अर्धा तास भुयारं आणि गुप्त खजिना ऐकवला. १७३९ च्या वेढ्याबद्दल विचारलं तर "चिमाजी अप्पांनी जिंकला", संपलं. सुरुंग लावून तट फोडला, शरण आलेल्या पोर्तुगीजांना सन्मानाने जाऊ दिलं, हे मी घरी येऊन वाचलं. मग वाचूनच का जाऊ नये? वसई पोर्तुगीजांना देणारा, १५३४ चा गुजरातच्या बहादूरशाहाशी झालेला तह, १७३९, आणि दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला १८०२ चा तह. एवढं डोक्यात असलं तरी दगड बोलतात.

नौपाड्याची: सालं पाठ करून घंटा कशा ऐकू येतील? रिकाम्या मनोऱ्याखाली त्या बाई म्हणाल्या, या मोहिमेत मिळालेल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांना दिल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक. मी वर बघितलं आणि अंगावर काटा आला. पुस्तक घरी मिटलेलं असतं हो, माणूस त्या जागी बोलतो.

वाशीहून: माझं माहेर वसईचं, म्हणून लिहिते. या सगळ्या वादात गावातली माणसं कुठेच नाहीत. किल्लाबंदरची कोळी वस्ती तिथेच आहे. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एखाद्या काकांशी दोन शब्द बोला, घाई करू नका. आत नागेश्वराचं देऊळ आहे, तिथेही लोक नेमाने येतात. त्यांच्यासाठी ती रोजची जागा आहे.

घोडबंदरकर: घंटांचं मला खरंच माहीत नव्हतं. थडग्यांबद्दल ग्रुपवर आत्ताच लिहितो, त्या चर्चमध्ये कुणी डबा उघडणार नाही. काकांशीही बोलू. माणूस मात्र ठरवत नाही.