इझाबेला व्हिटनीलाही यात घ्या

इंग्रजी लेखिकांची यादी सतराव्या शतकातल्या नाटककार अफ्रा बेनपासून सुरू धरावी असं कुणीतरी सुचवलंय, पण तिच्या शंभरेक वर्षं आधीची कवयित्री इझाबेला व्हिटनी त्यातून सुटू नये असं मनापासून वाटतं. घरकामाची नोकरी गेली, हातात पैसा नाही, लंडन सोडायची वेळ आली. तेव्हा तिने त्या शहराच्या नावाने कवितेतच मृत्युपत्र केलं. १५७३ साली ते छापून आलं. द्यायला स्वतःचं काहीच नाही, म्हणून लंडनचंच लंडनला देते: खाटीक, पाववाले, चीपसाइड रस्त्यावरचे सोनार, गरीब मुलींसाठी श्रीमंत विधुर! कर्जदारांना डांबायच्या लडगेटच्या तुरुंगात मात्र स्वतःची सोय करावी असं तिच्या मनात होतं. मग म्हणते, पण मला उधार देणार कोण? त्या ओळीपाशी मी दरवेळी थांबते.