ट्रेनिंगचा फीडबॅक कायम ५ पैकी ५, लाईनवर मात्र काहीच फरक नाही

बी_शिफ्ट: चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआरला आहे, ट्रेनिंग माझ्याकडे. सेशन संपलं की फॉर्म वाटतो, दहा प्रश्न, १ ते ५ मार्क, आणि सगळे डोळे झाकून ४-५ टाकतात. समोसा, ग्रुप फोटो, झालं. मागच्या महिन्यात मेजरिंगचं ट्रेनिंग झालं, सरासरी आली ४.७, आणि परवा लाईनवर जाऊन बघतो तर पोरं व्हर्नियरचा (मापं घ्यायचं कॅलिपर) झीरो एरर, म्हणजे जबडे मिटल्यावर शून्य दाखवतं का, ते बघतच नाहीयेत! आता फॉर्म बदलू का ट्रेनर बदलू? वर्षाचं कॅलेंडर याच आठवड्यात साहेबांना द्यायचंय.

जुना_टूलरूमवाला: फॉर्म भरून कधी घेता? ट्रेनर समोर उभा, बाहेर बस सुटायला आलेली, अशा वेळी माणूस पाचच टाकणार ना. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्येच ट्रेनिंग जोखायच्या चार पायऱ्या सांगून ठेवल्यात, आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का, आणि त्याने कंपनीला काय फरक पडला. तुम्ही पहिल्याच पायरीवर बसकण मारलीये. महिन्याभराने मशीनपाशी जाऊन तीनच गोष्टी विचारा, शिकवल्यातलं काय वापरलं, काय वापरता आलं नाही, आणि का नाही. त्या 'का नाही' मध्येच सगळं असतं. आमच्याकडे टॉर्क रेंचचं (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) ट्रेनिंग दोनदा दिलं तरी बोंब तीच, मग कळलं की दोन स्टेशनला मिळून रेंच एकच, मग पोरं कशाला थांबतील, साध्या पान्यानेच आवळत होती. त्याला ट्रेनिंग काय करणार?

ऑडिटवाली: +१. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या स्टँडर्डच्या ७.२ कलमामध्ये पण ट्रेनिंगची परिणामकारकता तपासा असंच आहे, फीडबॅक फॉर्मचं नावसुद्धा नाही. लोक फॉर्मची जाडजूड फाईल पुढे करतात, मी विचारते स्किल मॅट्रिक्समध्ये (कोणाला कोणतं काम किती येतं त्याचा तक्ता) या माणसाची लेव्हल कशावरून वाढवली, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात 😄

लाईन_नंबर_३: मी ऑपरेटर आहे, कंत्राटी. तुम्ही लोक म्हणता खरं लिहा, पण खरं लिहिल्यावर काय होतं ते ऐका. आमच्याकडे 'नाव लिहू नका' म्हणाले आणि वर शिफ्ट, लाईन, वय, किती वर्षं झाली सगळं विचारलं. माझ्या लाईनवर चाळिशीच्या पुढचा मी एकटाच! लिहिलं होतं की ट्रेनर इंग्लिश स्लाईड नुसत्या वाचून दाखवतो, आम्हाला घंटा कळत नाही. दोन दिवसात सुपरवायझर सगळ्यांसमोर, काय मास्तर, इंग्लिश झेपत नाही का. त्या दिवसापासून मी पण पाचच टाकतो.

बी_शिफ्ट: अरे देवा. आमच्या फॉर्मवर तर टोकन नंबरच आहे, म्हणजे प्रत्येक कामगाराचा स्वतःचा नंबर.

जुना_टूलरूमवाला: मग काय विचारता! आधी तो नंबर काढा. फॉर्म मराठी-हिंदीत करा, सुपरवायझरच्या हाताने गोळा करू नका, आणि पाचपेक्षा कमी लोकांचा गट असेल तर त्याचा आकडा वेगळा दाखवूच नका, लगेच ओळखू येतं कोण ते. लोकांनी सांगितल्यावर काय बदललं ते बोर्डावर लावा, जे जमणार नाही ते पण कारणासकट लावा. आम्ही एकदा सर्व्हे घेऊन सहा महिने गप्प बसलो होतो, पुढच्या वेळी अर्धे फॉर्म कोरे परत आले.

बी_शिफ्ट: अपडेट. आज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी व्हर्नियरवाल्या सहा जणांना चहाला गाठलं, वही-पेन काही नेलं नाही, नुसतं विचारलं. चौघं म्हणाले की साहेब, ट्रेनिंगला डिजिटल दाखवलं, बटण दाबलं की झीरो, आमच्याकडे लाईनवर जुनं साधं आहे, त्याचं कोणी सांगितलंच नाही. आणि मी महिनाभर त्या ट्रेनरला शिव्या घालतोय, हॉलमध्ये डिजिटल पाठवलं होतं आमच्याच स्टोअरने.