गोड-मसालेदार परफ्यूम अंगावर वागवताना : आपले अनुभव लिहा

बाटलीतून येणारा वास आणि अंगावर दिवसभर मुरलेला वास यांत किती अंतर असते, हे मला मस्क रावाझर वापरताना उमगले. परफ्यूम प्रकाशित करणाऱ्या फ्रेदेरिक माल यांनी २००० मध्ये आणलेल्या संग्रहातले हे परफ्यूम मोरिस रूसेल यांनी घडवले आहे. घडवणाऱ्याचे नाव बाटलीवर छापण्याची माल यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. पहिल्या दिवशी दालचिनी आणि लवंग अशी काही नाकात शिरली, की मी बाटली कपाटात मागे सारली. संध्याकाळी घड्याळ काढले, तेव्हा पट्ट्याखालून व्हॅनिला आणि कस्तुरीचा इतका मऊ, उबदार वास आला, की घड्याळ हातात धरून मी काही वेळ तसाच उभा राहिलो. ज्यांनी असे सुगंध वापरले आहेत, त्यांनी नुसते ‘छान आहे’ असे न लिहिता, किती लावले, किती वेळ टिकले आणि सोबतच्यांना काय जाणवले हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

*

सोबतच्यांचा उल्लेख आपण केलात, म्हणून लिहिते. माझ्याकडे तंबाखू, मध आणि दालचिनी अशा वळणाचे एक परफ्यूम होते आणि सुरुवातीला मी त्याचे दोन फवारे मारत असे. तीन आठवड्यांनी मला त्याचा वास जवळजवळ येईनासा झाला. परफ्यूम उतरले असावे अशा समजुतीने मी चार आणि पुढे सहा फवारे मारू लागले. शेवटी शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने मला बाजूला घेऊन सांगितले, “तू दारात असतानाच वास येतो गं, आणि दुपारपर्यंत माझं डोकं उठतं.” मला अतिशय वाईट वाटले, कारण ती कित्येक दिवस हे मुकाट्याने सोसत होती. सतत येणाऱ्या वासाला नाक सरावते आणि तो नोंदवणेच सोडून देते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. व्हॅनिलिन (व्हॅनिलाला वास देणारे द्रव्य), झाडांची राळ आणि कस्तुरी यांसारखी द्रव्ये फार सावकाश उडतात, त्यामुळे आपल्याला वास येत नसला तरी दरवळ चालूच असतो. आता मी एकच फवारा, तोही कपड्यांच्या आत, छातीवर मारते आणि दोन दिवसांआड परफ्यूम बदलते.

*

माझा अनुभव त्वचेचा आहे. मानेवर लावलेल्या दालचिनीप्रधान परफ्यूमने दुसऱ्या दिवशी कॉलरच्या रेषेत लाल, खाजरे चट्टे उठले. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच चाचणी (संशयित द्रव्ये त्वचेवर चिकटवून पाहण्याची तपासणी) केली आणि दोष सिनॅमल या द्रव्याचा, म्हणजे दालचिनीला तिचा वास देणाऱ्या घटकाचाच, निघाला. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अंगावर राहणाऱ्या प्रसाधनात सिनॅमल, लवंगेतले युजेनॉल किंवा टोंका या सुगंधी बियांतले कुमारिन ०.००१ टक्क्याहून अधिक असल्यास ते वेष्टनावर छापावे लागते. ती बारीक अक्षरे मी पूर्वी कधीच वाचली नव्हती. आता सिनॅमल नसलेलेच परफ्यूम घेतो आणि तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहतो.

*

एक छोटी सूचना करते. गडद रंगाचे, व्हॅनिलाप्रधान परफ्यूम फिक्या सुती कपड्यावर मारू नका. व्हॅनिलिन कालांतराने तपकिरी होते. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग तीन धुण्यांनंतरही गेला नाही.

*

आमच्या घरात एकाच बाटलीवरून बरेच दिवस वाद होता. माझ्या मते परफ्यूम तासाभरात संपत असे, तर पत्नीच्या मते ते रात्री उशीलाही येई. पुढे लक्षात आले, की काही कृत्रिम कस्तुरींचा वास काही माणसांना मुळातच येत नाही आणि मी त्यांपैकी एक आहे. मला मसाला जाणवतो, गोडवाही जाणवतो, पण त्याखालची कस्तुरीची बैठक जाणवत नाही. त्यामुळे आता किती लावायचे हे तीच ठरवते. मी बाहेर पडताना ती जवळ येऊन मान हुंगते आणि “पुरे” म्हणते.

*

आपणा सर्वांचे वाचून लिहावेसे वाटले. एका विषाणूसंसर्गानंतर माझी वासाची जाणीव गेली आणि आवडते परफ्यूम मनगटावर मारले तरी मद्यार्काची चुरचुर तेवढी कळे. डॉक्टरांनी गंधप्रशिक्षण सुचवले. जर्मनीतील थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन हुंगायचे असतात. अकरा आठवडे मी ते नेमाने केले. सर्वांत आधी लवंग परतली, तीही अर्धवट, लाकडासारखी कोरडी. त्या दिवशी मी परफ्यूमची बाटली काढून कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारला आणि पूर्वी ज्या मसाल्याच्या आडून गोडवा हळूहळू पुढे येत असे, तो मसाला तेवढा एकटा ओळखू आला. मला रडू आले. तेव्हापासून दर रविवारी एक पट्टी भिजवते आणि तिच्यावर तारीख लिहून वहीत ठेवते. गेल्या रविवारी दालचिनीही लागली. व्हॅनिला अजून आलेला नाही.