रबरी रणगाड्यांना फुकटचं श्रेय मिळतंय का?

रणवेडा
डी-डेच्या, म्हणजे ६ जून १९४४ ला दोस्तांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं त्याच्या, आधी जर्मनांना कसं गंडवलं हा विषय निघाला की जो तो ते हवा भरलेले रबरी रणगाडे दाखवतो, दिसायला भारी आहेत म्हणून. पण १९४४ मध्ये इंग्लंडवर घिरट्या घालून फोटो काढायला जर्मन विमानं फारशी येतच कुठे होती? खरं काम केलं हुआन पुजोल या स्पॅनिश माणसाने, जर्मन त्याला आपला हेर समजायचे पण तो काम करायचा ब्रिटिशांसाठी, ब्रिटिशांनी त्याला नाव दिलेलं गार्बो. याने जर्मनांच्या गळ्यात २७ हेरांचं जाळं मारलं आणि त्यातला एकही माणूस खरा नव्हता. १९४२ मध्ये लिव्हरपूलच्या 'हेरा'ने जहाजांचा ताफा निघाल्याचं का कळवलं नाही हा प्रश्न येणार होता, तर त्याला आजारी पाडून मारूनच टाकलं, पेपरात निधनाची बातमी छापून आणली, आणि जर्मनांनी त्याच्या विधवेला पेन्शन सुरू केली!! एवढा विश्वास बसलेल्या माणसाने ९ जून १९४४ ला कळवलं की नॉर्मंडी ही नुसती हूल आहे, खरा घाव कॅलेकडे, म्हणजे फ्रान्सच्या इंग्लंडला सगळ्यात जवळच्या किनाऱ्यावर बसणार. जर्मनांची पंधरावी आर्मी बरीचशी तिथेच बसून राहिली.

मिरजकर
हेर काहीही सांगेल हो, पण पडताळून बघितल्यावर दुसरीकडून तेच ऐकू यायला नको का? अमेरिकन जनरल पॅटनच्या नावाने अख्खा खोटा आर्मी ग्रुप उभा केला, त्याची वायरलेसवरची बडबड दिवसरात्र चालू ठेवली कारण जर्मन ऐकतायत हे माहीत होतं, बंदरांत सांगाड्यावर कापड ताणलेल्या खोट्या होड्या तरंगत ठेवल्या. चुकून एखादं विमान आलं आणि खाली मोकळं मैदान दिसलं तर गार्बो तिथेच संपला असता. देखावा हा त्याचा विमा होता, त्याला फुकटचं श्रेय म्हणणं मला पटत नाही.

तोफखाना
मला तर या सगळ्या फसवाफसवीचं कौतुकच जरा जास्त होतंय असं वाटतं. इंग्लंडमधलं डोव्हर ते कॅले जेमतेम ३३ किमी, हल्ला तिथेच होणार हे जर्मनांनी आधीच मनात धरलेलं. आणि कॅले-नॉर्मंडीच्या वाटेतले सीन नदीवरचे पूल बॉम्ब टाकून पाडलेले, दिवसा रस्त्यावर गाडी काढली की वरून विमानं तुटून पडायची. पंधरावी आर्मी निघाली असती तरी वेळेत पोचली असती का? किनाऱ्यावर जे मेले त्यांच्यामुळे नॉर्मंडी मिळाली, हेराच्या खोट्या निरोपांमुळे नाही.

रणवेडा
@तोफखाना, जे मेले त्यांच्याबद्दल वादच नाही. पण शत्रूने आधीच मनात धरलंय तेच घट्ट करायचं, यातच तर सगळी कला आहे, नवीन समजूत डोक्यात घालणं जवळपास अशक्य. तुम्ही बॉम्बिंग म्हणता, ते बॉम्बसुद्धा नॉर्मंडीपेक्षा कॅलेच्या बाजूला जास्त टाकले, का टाकले? शिवाय इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क या केंद्रात जर्मनांचे गुप्त संदेश फोडले जात होते, म्हणजे मासा गळाला लागला की नाही हे इकडे बसून कळत होतं. आणि हल्ल्याच्या दिवशीच पुढे काय हे जर्मनांना कळलं असतं तर मरणारे किती वाढले असते याचा विचार करा. जुलैत जर्मनांनी गार्बोला आयर्न क्रॉस हे आपलं पदक जाहीर केलं, तोपर्यंत त्यांची खात्री हलली नव्हती.

मिरजकर
बरं, गार्बो मान्य. पण रबरी रणगाडे निकालात काढू नका. युक्रेनने २०२२ मध्ये लाकडाचे खोटे हायमार्स (ट्रकवरचे अमेरिकन रॉकेट लाँचर) उभे केले आणि रशियाने त्यांच्यावर महागडी कॅलिबर क्षेपणास्त्रं सोडली असं युक्रेनी अधिकाऱ्यांनी सांगितलं. १९४४ मध्ये वरून बघणारं फारसं कोणी नव्हतं हा तुमचा मुद्दा धरला, तर आता वर चोवीस तास ड्रोन आहेत, मग आज हेरापेक्षा सुताराची गरज जास्त नाही का?