हॉर्स शू ब्रुअरीचा लेख: कंपनी दीडशे वर्षांची, मजकूर एका संध्याकाळचा

ओलीशाई:
लंडनच्या हॉर्स शू ब्रुअरीवर विकिपीडियासाठी लेख लिहायला घेतलाय. तीन आठवडे धूळपाटीवर (विकिपीडियाच्या कच्च्या मसुद्याच्या पानावर) पडून आहे. काल सलग वाचला आणि कपाळावर हात मारला. ही ब्रुअरी १७६४ पासूनची, टॉटनहॅम कोर्ट रोड आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची, तिथून हलली १९२१ मध्ये. आणि माझ्या ११ परिच्छेदांपैकी ९ एकट्या १७ ऑक्टोबर १८१४ चे!

माझाही इलाज नाही हो, गोष्टच तशी आहे. दुपारी साडेचारच्या सुमारास कोठारावरचा कारकून जॉर्ज क्रिक याला दिसतं, की एका लाकडी टाकीचं ७०० पौंड वजनाचं लोखंडी कडं घसरलंय. कडी वर्षातून दोन-तीनदा घसरायचीच. वरिष्ठ म्हणतात, काही होत नाही, दुरुस्तीसाठी मालकांपैकी एकाला चिठ्ठी लिही. तासाभराने क्रिक ती चिठ्ठी हातात घेऊनच उभा असतो आणि टाकी फुटते. मागची २५ फुटी भिंत जाते, आतली पोर्टर, म्हणजे काळपट बिअर, मागच्या 'न्यू स्ट्रीट' या गल्लीतल्या घरांत शिरते. ८ जण मेले, सगळ्या बायका आणि मुलं. त्यातले पाच जण एका तळघरात, आदल्या दिवशी वारलेल्या दोन वर्षांच्या पोराच्या शोकाला जमलेले. हे लिहिताना हात आवरत नाही.

आता मदत हवी आहे. टाकीत पोर्टर किती होती, याचे तीन वेगळे आकडे सापडलेत: ३,५५५ बॅरल, ३,२३,००० गॅलन आणि १८,००० बॅरल. शिवाय 'काही दिवसांनी नववा माणूस फुकटची बिअर पिऊन मेला' हे जिथे तिथे दिसतं. ठेवू का? आणि उरलेली दीडशे वर्षं कशाने भरू?

गॅलनमोज्या:
आकड्यांचा घोळ असा आहे. फुटलेल्या टाकीत ३,५५५ बॅरल पोर्टर होती. ३६ गॅलनांचं एक बॅरल धरलं की १,२८,००० गॅलन, म्हणजे सुमारे ५ लाख ८० हजार लिटर. तुमचा ३,२३,००० चा आकडा एकूण सांडलेल्या बिअरचा वरचा अंदाज आहे: धक्क्याने शेजारच्या टाकीची तोटी उडाली, काही पिंपं फुटली, तेही त्यात धरलंय. आणि १८,००० बॅरल ही ब्रुअरीचा मालक हेन्री म्यू याने बांधलेल्या मोठ्या टाकीची क्षमता. फुटली ती ही नव्हे.

पडताळा हवा तर टाकीची उंची २२ फूट होती, त्यावरून व्यास साडेदहा मीटरच्या आसपास निघतो. न पटण्यासारखं काही नाही. मात्र हे गणित चर्चा पानावरच ठेवा, लेखात घातलंत तर 'मूळ संशोधन' (स्वतःच काढलेला, स्रोत नसलेला निष्कर्ष) म्हणून कोणीतरी उडवेल आणि ते बरोबरच असेल.

एक बारकावा. १८१४ मध्ये इंपीरियल गॅलन नव्हताच, तो १८२४ च्या कायद्याने आला. त्याआधीचा बिअरचा गॅलन २८२ घन इंचांचा, शेकडा दीडेक टक्क्याने मोठा. म्हणून 'सुमारे' हा शब्द काढू नका.

पानउलट्या:
नववा माणूस काढा. बिअरच्या इतिहासाचे अभ्यासक मार्टिन कॉर्नेल यांनी याचा छडा लावलाय: त्या वेळच्या वर्तमानपत्रांत ना त्या मृत्यूचा उल्लेख, ना भांडी भरभरून बिअर नेणाऱ्या झुंडींचा. उलट गर्दी शिस्तीत होती असंच छापून आलंय. ब्रुअरीभोवतालचा सेंट जाइल्स भाग म्हणजे गरीब आयरिश लोकांची वस्ती. अशा लोकांबद्दल 'प्यायला धावले असतील' हे नंतर कोणालाही सहज खरं वाटलं. पूर्ण गाळण्यापेक्षा 'नंतर पसरलेल्या कथा' म्हणून दोन ओळी ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात कोणीतरी सद्भावनेने परत घालेल.

त्याऐवजी मृत्यूंच्या चौकशीचा निकाल लिहा. मृत्यू केवळ दुर्दैवी अपघाताने झाले असं पंचांनी ठरवलं, म्हणून कंपनीला भरपाई द्यावी लागली नाही. नुकसान सुमारे २३,००० पौंडांचं झालं, आणि सांडलेल्या बिअरवर आधीच भरलेल्या करापैकी सुमारे ७,२५० पौंड मात्र सरकारकडून परत मिळाले. हा तपशील मला त्या लाटेपेक्षा जास्त बोचतो.

आणि कृपा करून लेखाच्या पहिल्या ओळीतला 'दारूभट्टी' शब्द बदला. भट्टीत दारू गाळतात. बिअर आंबवतात, गाळत नाहीत. 'ब्रुअरी' सगळ्यांना कळतं.

ओलीशाई:
'दारूभट्टी' गेली. खरं सांगायचं तर शब्द ठसकेबाज वाटला म्हणून ठेवला होता. नववा माणूसही गेला, जरा जड मनाने. शेवटची ओळ त्याच्यावर बेतली होती. करपरतावा चौथ्या परिच्छेदात घेतला. पण १८१४ नंतरची पाटी अजून कोरीच आहे.

नकाशावेडा:
कोरी कशी? पैसा कुठे गेला ते बघा. हेन्री म्यू १८३१ मध्ये बॅरोनेट झाला, म्हणजे वंशपरंपरागत 'सर' किताब मिळाला. त्याच नावाचा तिसरा बॅरोनेट, त्याची बायको व्हॅलेरी. हिचं चित्र प्रसिद्ध चित्रकार व्हिस्लरने १८८१ मध्ये काढलं, आणि ही झेब्रे जुंपलेल्या गाडीतून लंडनभर फिरायची. रस्तारुंदीसाठी १८७८ मध्ये उतरवलेली टेंपल बार ही वेस तिच्या हट्टाखातर नवऱ्याने विकत घेऊन लंडनबाहेरच्या आपल्या थिओबाल्ड्स पार्क या इस्टेटीत उभी केली. ती २००४ मध्ये लंडनला परत आली, आज सेंट पॉल्स कॅथीड्रलशेजारी आहे. बिअरच्या पैशाची वेस! यावर एक परिच्छेद होत नाही?

शेवटासाठी: १९२१ मध्ये काम लंडनमधल्याच नाइन एल्म्स भागातल्या ब्रुअरीत हललं, पुढच्या वर्षी इमारत पाडली, आणि त्या जागेवर १९२९ मध्ये डोमिनियन थिएटर उघडलं. पण 'कंपनी बंद पडली' असं लिहू नका, जागा बंद पडली. म्यू हे नाव १९५६ च्या विलीनीकरणानंतरही 'फ्रायरी म्यू' या कंपनीच्या नावात टिकलं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर लंडनचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे फुकट दिसतात. त्यावर ब्रुअरी शोधा, केवढी जागा व्यापली होती ते कळेल.

ओलीशाई:
नकाशा उघडून बसलोय, जेवायचं राहिलं. झेब्रे लेखात जाणार, कोणी काही म्हणो. १८१४ चे नऊ परिच्छेद चारवर आणलेत. क्रिकची चिठ्ठी मात्र ठेवली.

नाइन एल्म्सचा भाग कोणी घेतं का? पानउलट्या, तुम्ही घेतलात तर मी साच्यातल्या (लेखाच्या बाजूच्या माहितीचौकटीतल्या) तारखा दुरुस्त करतो. तिथे अजून 'बंद: १८१४' आहे, आणि ते मीच लिहिलंय.