मदत हवी आहे: वेबपानावर अक्षरांचं माप पीएक्समध्ये (पिक्सेलमध्ये) द्यावं, ईएममध्ये की आरईएममध्ये?

खडीसाखर
गावच्या वाचनालयाची साइट करते आहे. पुस्तकांच्या यादीत अक्षरं कुठे नीट दिसतात, कुठे मुंगीएवढी. मी सगळीकडे एकच माप दिलंय! नेटवर एक जण पीएक्स म्हणतो, दुसरा ईएम, तिसरा आरईएम. भरवशाचं एकक नक्की कोणतं? शनिवारी समितीला दाखवायचं आहे, कृपया लवकर सांगा.

घाटमाथा
एकच माप म्हणजे किती, आणि कुठल्या टॅगला? फोनवर की कॉम्प्युटरवर? सीएसएस, म्हणजे पानाच्या दिसण्याचा कोड, इथे डकवा.

जुना_कारागीर
पीएक्स वापरा, विषय संपला. १६ म्हणजे १६. मी कायम तेच वापरत आलोय, कुणाची तक्रार नाही.

पूर्वाई
ज्याला वाचता येत नाही तो तक्रार करत बसत नाही, पान बंद करतो. कॉम्प्युटरवर क्रोमच्या सेटिंगमध्ये अक्षरं 'मोठी' केली की मूळ १६चे २० होतात. आरईएममधला मजकूर त्याबरोबर वाढतो, पीएक्समधला ढिम्म हलत नाही. वाचनालयाची साइट आहे, वाचणारे निम्मे चाळिशीवाले असणार.

जुना_कारागीर
झूम कशाला दिलाय मग? झूम केल्यावर पीएक्सही वाढतो.

पूर्वाई
वाढतो, मान्य. पण झूमने चित्रं, मेनू, समास सगळंच फुगतं. ज्याला फक्त अक्षरं मोठी हवीत त्याने ते का सोसायचं?

खडीसाखर
भांडू नका हो. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे. एलआयला, म्हणजे यादीतल्या नोंदीच्या टॅगला, फॉन्ट-साइझ ०.८ईएम दिलंय, बाकी कशालाच काही नाही.

घाटमाथा
यादीच्या आत यादी आहे?

खडीसाखर
हो, अर्थातच. कथा, त्यात अनुवादित, त्यात भाषेनुसार.

घाटमाथा
मग सापडलं. ईएम मोजला जातो तो बाहेरच्या घटकाच्या मापावरून. पहिल्या यादीत १६ × ०.८ = १२.८ पीएक्स. तिच्या आतल्या यादीत त्याचे ०.८ पट, म्हणजे १०.२४. तिसऱ्या पातळीवर ८.१९. माप तुम्ही एकदाच लिहिलंत, ब्राउझरने ते तीनदा लावलं. आरईएम थेट मुळाशी, म्हणजे सगळ्या पानाला वेढणाऱ्या एचटीएमएल टॅगशी बांधलेला असतो, तो असा घसरत नाही. एलआयला १आरईएम द्या. यादी थोडी लहानच हवी असेल तर ०.८७५, म्हणजे १४ पीएक्स. त्याखाली जाऊ नका.

एकमात्रा
एचटीएमएलला ६२.५% द्या. १आरईएम म्हणजे १० पीएक्स होतो, हिशोब तोंडपाठ.

घाटमाथा
आणि बॉडीला, म्हणजे पानावरच्या मजकुराच्या टॅगला, परत १.६आरईएम द्यायचं विसरलं की सगळं पान १० पीएक्सवर. शिवाय बाहेरून आणलेलं एखादं कॅलेंडर आरईएमवर बेतलेलं असेल तर तेही आक्रसतं. शनिवारच्या आत ही कसरत नको. एचटीएमएलला फॉन्ट-साइझ देऊच नका.

एकमात्रा
विसरणाऱ्याने विसरू नये! निदान ६२.५% लिहा, १०पीएक्स लिहू नका, नाहीतर वाचकाचं सेटिंग मुळातच उडतं.

शिरोरेषा
विचारलं नाहीत तरी सांगते. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार-ऋकार. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.२ ठेवलीत तर 'मूर्ती'चा रफार वरच्या ओळीतल्या उकाराला जाऊन भिडतो. १.६ ते १.८ ठेवा, आणि एकक न लावता नुसता आकडा लिहा. १.६ईएम लिहिलंत तर त्या घटकावर काढलेली उंची आतल्या मोठ्या मथळ्यालाही तशीच लागते आणि मथळ्याच्या ओळी एकमेकींवर चढतात. लेटर-स्पेसिंगला, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराला, तर हात लावू नका, शिरोरेषा तुटते.

रानमेवा
जुन्या फॉन्टमधली पुस्तकसूची युनिकोडमध्ये करून हवी असेल तर व्यनि करा.

खडीसाखर
@रानमेवा, सूची युनिकोडमध्येच आहे. @घाटमाथा, आरईएम दिलं, कॉम्प्युटरवर तिन्ही याद्या सारख्या झाल्या, खूप आभार! पण फोनवर सगळंच पान बारीक दिसतंय, चिमटीने मोठं करून वाचावं लागतं.

सदासतेज
व्हीडब्ल्यू, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीचा शंभरावा भाग, वापरा, अक्षरं स्क्रीनच्या रुंदीनुसार आपोआप जुळतात.

पूर्वाई
नुसता व्हीडब्ल्यू कधीच नको. ३६० रुंदीच्या फोनवर ४व्हीडब्ल्यू म्हणजे १४.४, १९२० रुंदीच्या मॉनिटरवर तेच ७६.८ पीएक्स. वर कॉम्प्युटरवर झूम केलं तरी अक्षर वाढत नाही. मथळ्यासाठी हवाच असेल तर क्लॅम्पमध्ये घाला: किमान १.५आरईएम, मधे १आरईएम + २व्हीडब्ल्यू, कमाल २.५आरईएम. आरईएम मिसळला की झूम थोडा तरी लागू होतो.

घाटमाथा
फोनचं दुखणं एककाचं नाही. पानाच्या कोडमधल्या हेड भागात व्ह्यूपोर्टचा, म्हणजे फोनला पानाची रुंदी सांगणारा, मेटा टॅग आहे का?

खडीसाखर
नाही. तो लागतोच का?

घाटमाथा
लागतोच. तो नसला की फोन पान साधारण ९८० पीएक्स रुंद धरून मांडतो आणि आक्रसून दाखवतो. विड्थ इज इक्वल टू डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल १, एवढंच लिहा. मॅक्सिमम-स्केल लिहू नका, काही फोनवर त्याने चिमटीने मोठं करणं बंद पडतं.

जुना_कारागीर
व्ह्यूपोर्ट लावल्यावर पीएक्ससुद्धा फोनवर नीट दिसेल, हेही सांगा की.

पूर्वाई
दिसेल. मग २०चं सेटिंग करून बसलेल्या वाचकाचं काय, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

खडीसाखर
टॅग लावला, फोनवर आता व्यवस्थित वाचता येतंय! शोधाच्या चौकटीत बोट ठेवलं की आयफोनवर पान एकदम मोठं होऊन पुढे का येतं पण?

शिरोरेषा
चौकटीतलं अक्षर १६ पीएक्सपेक्षा लहान असेल तर आयफोन तसं करतो. इनपुटलाही १आरईएम द्या.