मदत हवी आहे : साठीनंतरचं प्रेम आणि गावातलं रहस्य

मंडळी, आईसाठी पुस्तकं सुचवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून वाचनाचा नुसता सपाटा लावलाय तिने. रिचर्ड ऑस्मनची २०२० सालची 'द थर्सडे मर्डर क्लब' चार दिवसांत फस्त! केंटमधल्या निवृत्तांच्या वसाहतीतले चौघे दर गुरुवारी जमून जुन्या खुनांचा छडा लावत बसतात, ती गोष्ट. पण खून कोणी केला यापेक्षा एलिझाबेथ आणि तिचा हळूहळू विसरत चाललेला नवरा स्टीफन, यांच्यातच आई अडकली. ते दोघं असलेली पानं मला दोनदा वाचून दाखवली, खूण म्हणून गोळ्यांची रिकामी स्ट्रिप घातलेली. अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांमधली म्हातारी हेर मिस मार्पल तर तिला पाठ आहे. मार्पलच्या सेंट मेरी मीड गावात डोळे मिटून फिरेल, पण तिथे म्हातारपणातली जवळीक कुठे सापडायची?

मराठीत अलीकडचं असं काही आहे का? पिकल्या वयातली दोन माणसं, कोकणातलं नाहीतर घाटावरचं गाव, आणि सगळ्यांना ठाऊक असूनही कोणी न बोललेली एखादी गोष्ट. भुताटकी नको. मुलांनी टाकलेल्या आईबापांची रडगाणीही नकोत, "ती सीरियलमध्ये बघते मी," म्हणते. इंग्रजीही चालेल, फक्त टाइप मोठा हवा. किंडलला ती हात लावत नाही.